मदतनिसांच्या हाती चित्रतक्ता: एका केंद्रातल्या प्रशिक्षणाचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण विकासात्मक अक्षमता असलेल्या मुलांसाठी दिवसभर चालणाऱ्या एका केंद्रातलं आहे. ओळख पटू नये म्हणून मुलाचं वय, केंद्राचा आकार आणि काही घटनांचा क्रम बदलला आहे. केंद्रात ऑटिझम, बौद्धिक अक्षमता आणि सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या बिघाडामुळे हालचालींवर होणारा परिणाम) असलेली मुलं येतात. विशेष शिक्षक, एक स्पीच थेरपिस्ट, एक ऑक्युपेशनल थेरपिस्ट (खाणं, कपडे घालणं अशी रोजची कामं आणि आवाज-स्पर्शाचा त्रास यांवर काम करणाऱ्या), आठवड्यातून एकदा येणाऱ्या मानसशास्त्रज्ञ आणि प्रत्येक वर्गात मदतनीस, अशी तिथली रचना. मी तिथे प्रशिक्षण सल्लागार म्हणून गेले. माझा मूळ पेशा स्पीच थेरपीचा.

केंद्रातली माणसं अप्रशिक्षित होती असं मुळीच नाही. प्रमाणपत्रांची फाइल चांगली जाडजूड होती. चित्रांची देवाणघेवाण करून संवाद शिकवणारी पेक्स ही पद्धत १९८५ साली अँडी बाँडी आणि लोरी फ्रॉस्ट यांनी मांडली. तिची कार्यशाळा केंद्रातल्या दोघींनी केली होती. वेळापत्रक, जागेची मांडणी आणि दिसणाऱ्या सूचना यांवर भर देणाऱ्या टीच पद्धतीचं प्रशिक्षण झालं होतं. संवेदी प्रक्रियेवरचा, म्हणजे आवाज, स्पर्श, उजेड मेंदू कसे हाताळतो यावरचा, ऑनलाइन कोर्सही झाला होता. ही सगळी प्रमाणपत्रं थेरपिस्ट आणि शिक्षकांची होती. मदतनिसांच्या नावावर प्रथमोपचार आणि आग लागल्यास काय करावं, एवढंच.

आता मुलाचा दिवस बघा. स्पीच थेरपिस्ट त्याला आठवड्यातून दोनदा अर्धा-अर्धा तास भेटतात. गाडीतून उतरवणं, चपला काढणं, जेवण, शौचालय, कपडे बदलणं आणि पुन्हा गाडीत बसवणं हे सगळं मदतनीस करतात. भूक, घाई, नकार, दुखणं, म्हणजे संवादाची खरी निकड असते ते प्रसंग, जवळजवळ सगळे त्यांच्या वाट्याला येतात. केंद्राचं प्रशिक्षण मात्र दुसऱ्याच दिशेने वाहत होतं.

अडचण

मुलाला इथे 'स' म्हणू. वय नऊ, निदान ऑटिझमचं. बोलत नाही, पण ओळखीच्या सूचना समजतात. काही महिन्यांपासून तो स्वतःच्या हाताच्या मागच्या बाजूला चावायचा, जवळच्या माणसाला मारायचा. जेवणाच्या आणि शौचालयाच्या वेळी हे जास्त व्हायचं. एका मदतनिसाच्या मनगटाला चांगलीच इजा झाली आणि त्यांनी काम सोडलं. पाठोपाठ दुसऱ्यांनी वर्ग बदलून मागितला. मुख्याध्यापिकांपुढे दोनच रस्ते उरल्यासारखे होते: पालकांना मुलाला घरी ठेवायला सांगायचं, नाहीतर लोकांना तातडीने काहीतरी शिकवायचं. त्यांनी मला निरोप धाडला: "वर्तन व्यवस्थापनावर दोन दिवसांची कार्यशाळा घ्या, सगळ्यांना बसवते."

'स' असं का वागतो, याची उत्तरं मी माणसागणिक वेगळी ऐकली. शिक्षिकेच्या मते हट्ट. ऑक्युपेशनल थेरपिस्टना आवाजाचा त्रास वाटत होता. मानसशास्त्रज्ञांच्या नोंदीत 'लक्ष वेधून घेणे' असं लिहिलेलं. त्या वर्गात सर्वांत जुन्या असलेल्या मदतनीस ताई म्हणाल्या, "त्याला काहीतरी दुखतंय हो. घास डाव्या बाजूला जाऊच देत नाही." हे त्यांनी मला वर्गाच्या दारात सांगितलं, कारण मुलांबद्दलच्या बैठकीला मदतनिसांना बोलावण्याची तिथे पद्धतच नव्हती.

पहिला निर्णय: प्रशिक्षण आधी की तपासणी आधी

या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय प्रशिक्षण सुरू होण्याआधीच घ्यावा लागला, म्हणून त्यावर जरा थांबते.

वर्तनाचं कुठलंही चांगलं प्रशिक्षण आधी काय घडलं, मुलाने काय केलं आणि नंतर काय झालं, या तीन रकान्यांपासून सुरू होतं. पण बोलू न शकणाऱ्या मुलाचं वर्तन अचानक बिघडलं की या रकान्यांच्याही आधी शरीर तपासायला हवं. दात, कान, बद्धकोष्ठता, आम्लपित्त, झोप आणि फिट्स ही त्यातली नेहमीची नावं. 'स'च्या पालकांनी डॉक्टरांना दाखवलं होतं. "ऑटिझममध्ये असं होतंच" हे उत्तर घेऊन ते परतले होते. निदानाच्या आड दुसरं दुखणं झाकलं जाणं या क्षेत्रात इतकं नित्याचं आहे, की मी हे वाक्य ऐकलं की पुन्हा तपासणी सुचवतेच.

मुख्याध्यापिकांची शंका रास्त होती. कार्यशाळा लांबली आणि दरम्यान आणखी कुणाला इजा झाली तर जबाबदार कोण? तोडगा असा निघाला: कार्यशाळा तूर्त थांबवायची, वर्गात एक जास्तीचं माणूस द्यायचं आणि ताईंच्या म्हणण्याला कागदावर आणायचं. त्यासाठी न बोलणाऱ्या मुलांच्या वेदनेची सुधारित तपासणी-यादी वापरली. तिच्यात ३० बाबी असतात. दोन तास निरीक्षण करून आवाज, चेहरा, हालचाल, खाणं-झोपणं अशा गटांतल्या प्रत्येक बाबीला ० ते ३ गुण द्यायचे. बेरीज ७ किंवा त्याहून जास्त आली तर वेदनेची शक्यता धरून चालायचं. हे निदान नव्हे, पण डॉक्टरांसमोर ठेवायला "ताईंना वाटतं" यापेक्षा बरंच भक्कम. ताई आणि शिक्षिका यांनी ती वेगवेगळी भरली. दोघींची बेरीज ७च्या बरीच वर गेली.

दंतवैद्यांना दोन दाढा किडलेल्या आणि एकीच्या मुळाशी पू सापडला. भूल देऊन उपचार करावे लागले. त्यानंतर जेवणाच्या वेळचं चावणं ठळकपणे कमी झालं.

कमी झालं; थांबलं नाही. शौचालयाच्या वेळचा त्रास तसाच राहिला, आणि काम नको असलं की हाताला चावण्याची सवयही. इतके महिने चावलं की समोरचं माणूस मागे सरत होतं, नको असलेली गोष्ट थांबत होती. दुखण्यामुळे सुरू झालेलं वर्तन आता निरोपाचं काम करू लागलं होतं. एडवर्ड कार आणि मार्क ड्युरँड यांनी १९८५ साली हेच दाखवलं: वर्तन कोणता निरोप पोचवतं ते ओळखा, तोच निरोप पोचवणारा सोपा मार्ग मुलाच्या हाती द्या, म्हणजे वर्तनाची गरज घटते. प्रशिक्षणाची खरी गरज इथून पुढे होती. मागणीबरहुकूम कार्यशाळा आधी घेतली असती तर दाढ दुखणाऱ्या मुलाकडे शांतपणे दुर्लक्ष कसं करावं, हे सगळे मन लावून शिकले असते.

पर्याय

कार्यशाळेचा पर्याय अजूनही होताच, आणि खर्चाच्या दृष्टीने सर्वांत सोपा. पण ब्रूस जॉइस आणि बेव्हर्ली शॉवर्स यांनी शिक्षकांच्या प्रशिक्षणाबद्दल १९८०पासून सातत्याने मांडलेला मुद्दा इथे डोळ्यांसमोर होता: सिद्धान्त सांगून आणि प्रात्यक्षिक दाखवून माणसाला विषय कळतो, पण वर्गातली त्याची कृती बदलायची तर वर्गात शेजारी उभं राहून साथ द्यावी लागते. पेक्सची कार्यशाळा केलेल्या दोघी वर्गात पेक्स वापरत नव्हत्या, हा पुरावा तर केंद्रातच होता.

दुसरा पर्याय सर्वांनी ऑनलाइन कोर्स करण्याचा. थेरपिस्टना तो चालला असता. मदतनिसांना तो घरी, स्वतःच्या वेळात, पुस्तकी भाषेत करावा लागला असता. कामाच्या तासांत जागा न देता लादलेलं शिक्षण म्हणजे बिनपगारी काम, हे माझं मत मी व्यवस्थापनाला स्पष्ट सांगितलं.

बाहेरच्या वर्तनतज्ज्ञाने 'स'ला रोज एक तास द्यावा, असंही सुचवलं गेलं. हे पालकांना आवडलं असतं. पण तो एक तास सरल्यावर शौचालयात पुन्हा ताईच.

जागतिक आरोग्य संघटनेचा पालकांसाठीचा कौशल्य-कार्यक्रम आम्ही नीट तपासला. नऊ गटसत्रं आणि तीन गृहभेटी. तज्ज्ञ नसलेली, पण प्रशिक्षण घेतलेली माणसं तो चालवू शकतात. रोजच्या छोट्या कामांतून संवाद आणि सहभाग वाढवण्याची त्याची रीत मदतनिसांच्या कामाशी जुळणारी. तरी तो घरासाठी बेतलेला आहे; पाळी बदलणारी माणसं, एकाच वेळी अनेक मुलं आणि वरिष्ठांची नजर ही गुंतागुंत त्यात नाही. म्हणून तो पालकांसाठी राखून ठेवला.

उरला वर्गातच, कामाच्या वेळी, शेजारी बसून शिकवण्याचा पर्याय. हा सर्वांत संथ, आणि निवडला तोच.

शिकवणार कोण

मी शिकवावं, अशी सगळ्यांची अपेक्षा होती. ती आम्ही जाणूनबुजून बाजूला ठेवली. बाहेरचं माणूस जातं तेव्हा त्याचं कसबही सोबत जातं. मदतनिसांना शिकवायचं केंद्राच्या स्पीच थेरपिस्टनी, आणि मी त्यांना, असं ठरलं. त्या म्हणाल्या, "मला मुलांना शिकवता येतं. मोठ्यांना सांगायला गेले की मी रागावतेय असं वाटतं त्यांना." अडचण खरीच होती. सहकाऱ्याला शिकवणं हे वेगळं कौशल्य आहे, आणि थेरपीच्या पदवीत त्याला जागा सहसा नसते. माझा निम्म्याहून अधिक वेळ त्यांच्यासोबत गेला: काय पाहायचं, आधी काय बोलायचं, एका वेळी एकच दुरुस्ती कशी सांगायची.

त्यांचे तास आणायचे कुठून? तीन मुलांची वेगळ्या खोलीतली सत्रं बंद करून ती वर्गातल्या कामात मिसळली. एका पालकांनी लेखी तक्रार केली, "दुसऱ्याच्या मुलासाठी आमच्या मुलाची थेरपी कापली." वर्गात मिळणाऱ्या मदतीचा त्यांच्या मुलालाही उपयोग होईल, हे उत्तर त्यांना दिलं गेलं. तत्त्वतः ते बरोबर आहे. पण त्या मुलाचं पुढे काय झालं याची नोंद कुणी ठेवली नाही, त्यामुळे त्यांचा आक्षेप चूक होता असं म्हणायला आधार नाही.

अंमलबजावणी

एक वर्ग, दोन प्रसंग: जेवण आणि शौचालय. शिकवण्याचे टप्पे चार: सांगायचं, करून दाखवायचं, करवून घ्यायचं आणि तिथल्या तिथे काय जमलं-नाही ते बोलायचं. यांतले शेवटचे दोन टप्पे सहसा गाळले जातात, आणि काम होतं ते त्यांनीच.

'स'साठी चित्रतक्ता, म्हणजे बोट ठेवून निरोप सांगता येईल असा चित्रांचा तक्ता, आधीपासून होता. तो थेरपीच्या खोलीत कपाटात होता, लॅमिनेट केलेला, प्राणी आणि वाहनांनी भरलेला. जेवताना त्याला हत्तीचं काय करायचंय? नव्या तक्त्यावर मोजकेच शब्द घेतले: नको, थांब, अजून, मदत, झालं, दुखतंय. ताईंच्या कमरेला अडकवता येईल असा एक छोटा तक्ता, एक शौचालयाच्या भिंतीवर, एक जेवणाच्या टेबलावर.

मदतनिसांना सुरुवातीला एकच गोष्ट शिकवली. आपण बोलताना त्या शब्दाच्या चित्रावर स्वतः बोट ठेवायचं, आणि मुलाने तसंच करावं असा आग्रह धरायचा नाही. बोलणारं मूल कित्येक महिने भाषा ऐकतं तेव्हा कुठे पहिला शब्द बोलतं. चित्रांची भाषाही आधी भरपूर दिसावी लागते. बोट ठेवल्यावर मनात दहा आकडे मोजेपर्यंत थांबायचं. हे थांबणं सर्वांना जड गेलं. वर्गात आठ मुलं असताना दहा सेकंद फार मोठे वाटतात.

'स'चा हात धरून चित्रावर टेकवण्याची जुनी सवय मोडावी लागली. दुसऱ्याने हात धरून दाखवलेलं चित्र हा त्या मुलाचा निरोप नसतोच. शिवाय ज्याला स्पर्श आधीच नकोसा वाटतो, त्याच्यासाठी ते संवादाचं आमंत्रण कसलं?

खरा वाद 'नको'वरून पेटला. त्याने 'नको' दाखवलं की ते पाळायचं, असं ठरलं होतं. शिक्षिका म्हणाल्या, "मग तो उद्यापासून प्रत्येक गोष्टीला नकोच म्हणेल." तसंच झालं. सुरुवातीचे काही दिवस त्याने हात धुणं, बाकावर बसणं, आवडीचा खेळ, सगळ्यालाच नको दाखवलं आणि बेत गुंडाळायची वेळ आली. आम्ही दोन गोष्टी वेगळ्या केल्या. आरोग्य आणि सुरक्षिततेशी संबंध नसेल तर 'नको' पाळायचं. संबंध असेल तर ते ऐकलं हे आधी दाखवायचं, मग सांगायचं, "नको म्हणतोयस, कळलं. एवढं करूया, मग झालं," आणि 'झालं'वर बोट ठेवून खरोखरच थांबायचं. शेवटच्या भागात फसवणूक झाली, म्हणजे 'झालं' म्हणून पुढचं काम सुरू केलं, की सगळं पाण्यात. हे ताईंना लगेच पटलं. पटायला वेळ लागला तो शिकलेल्या मंडळींना.

शौचालयाचं कोडंही तक्त्यानेच उलगडलं. नळाशी येण्याआधीच 'स' 'थांब'वर हात मारायला लागला. तीन रकान्यांच्या नोंदी समोर ठेवल्यावर दिसलं की चावणं फ्लशच्या आवाजानंतर लगेच व्हायचं. ऑक्युपेशनल थेरपिस्टचा अंदाज खरा ठरला. तो बाहेर पडल्यावर फ्लश करायचा, एवढा बदल केला.

प्रशिक्षणात न मोडणाऱ्या एका गोष्टीचा इथे उल्लेख करायलाच हवा. केंद्रातल्या इजेच्या नोंदीच्या फॉर्मवर प्रश्न होता: 'कर्मचाऱ्याने कोणती खबरदारी घेतली नाही?' चावा खाल्लेल्या माणसाला तोच फॉर्म भरायला लावला जायचा. त्यामुळे बऱ्याच इजा नोंदवल्याच जात नव्हत्या. तो प्रश्न काढला. इजेनंतर दहा मिनिटं दुसऱ्याने वर्ग सांभाळायचा आणि त्या माणसाने बाहेर बसायचं, हा नियम आला. वर्गबदलाचे अर्ज थांबण्यात चित्रतक्त्याइतकाच या नियमाचा वाटा आहे, असं माझं मत.

स्पीच थेरपिस्टना पर्यायी संवादाबद्दल, म्हणजे बोलण्याऐवजी चित्रं किंवा खुणांनी होणाऱ्या संवादाबद्दल, विचारायला केंद्रात दुसरं कुणीच नव्हतं. त्या इको पद्धतीच्या व्हिडिओ गटात सामील झाल्या. डॉ. संजीव अरोरा यांनी २००३ साली न्यू मेक्सिको विद्यापीठात हिपॅटायटिस सीसाठी ही पद्धत सुरू केली. दूरवरच्या डॉक्टरांनी आपले रुग्ण तज्ज्ञांच्या गटापुढे मांडायचे आणि उपचार स्वतःच करायचे. पुढे ती ऑटिझमसाठीही वापरात आली. पालकांच्या संमतीने, नाव न सांगता स्पीच थेरपिस्टनी 'स'ची माहिती तिथे मांडली.

काय झालं

दिवसातून अनेकदा होणारं चावणं काही दिवसांआड एखाद्या वेळेवर आलं. 'थांब' आणि 'झालं' तो आपणहून वापरतो. 'दुखतंय' मात्र आवडत नसलेल्या जवळजवळ सगळ्यालाच दाखवतो. म्हणून दरवेळी तोंड, कान आणि पोट तपासलं जातं. यात वेळ जातो, पण ते तसंच चालू ठेवायचं ठरलं आहे.

डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ साली प्रशिक्षण मोजायच्या चार पातळ्या मांडल्या: शिकणाऱ्याला ते कसं वाटलं, तो काय शिकला, कामात काय बदललं, आणि त्याचा परिणाम काय झाला. केंद्राचे आधीचे अभिप्राय-फॉर्म पहिल्या पातळीवरच संपायचे. या वेळी पाच ओळींचा निरीक्षणाचा कागद होता: तक्ता हाताशी होता का, मोठ्याने स्वतः बोट ठेवलं का, थांबलं का, 'नको' ऐकलं का, 'झालं' पाळलं का. त्यामुळे तिसऱ्या पातळीवरचं काहीतरी दिसलं. तक्ता हाताशी ठेवणं सर्वांनाच लवकर जमलं. थांबणं शेवटपर्यंत कच्चं राहिलं.

आणि मग, दुखणं सर्वांत आधी ओळखणाऱ्या ताई जास्त पगाराच्या नोकरीवर गेल्या. त्यांना कुणी दोष देऊ नये. वर्गाला शिकवलं त्यांनी, पण प्रमाणपत्र, वेतनवाढ किंवा हुद्दा यांतलं काहीच त्यांच्या पदरात पडलं नाही.

वेगळं काय करता आलं असतं

मदतनिसांना मुलांच्या बैठकीत बसवायला पैसा लागत नाही. 'स'च्या दाढेचं निदान त्यामुळे काही महिने आधी झालं असतं. आता दर बैठकीत त्या वर्गातल्या एक मदतनीस असतात आणि पहिलं बोलणं त्यांचं असतं. थेरपिस्ट बोलून गेल्यावर त्या गप्प राहतात, हे दोन बैठकांतच दिसलं होतं.

घराला फार उशिरा सामील केलं गेलं. तक्ता घरी गेला तोवर वर्गात चावणं कमी झालं होतं आणि घरी तसंच चालू होतं. "तिथे ऐकतो, मग माझंच काय चुकतंय?" असं त्याच्या आईने विचारलं. पालकांचा कार्यक्रम वर्गातल्या कामासोबत सुरू झाला असता तर हा प्रश्न त्यांच्या मनात आलाच नसता.

शिकवणारी व्यक्ती एकच ठेवणं धोक्याचं ठरलं. स्पीच थेरपिस्ट दीर्घ रजेवर गेल्या आणि त्या काळातले निरीक्षणाचे कागद कोरे आहेत. सुरुवातीलाच दोघींना तयार करायला हवं होतं, आणि त्यातली एक मदतनीस असती तर उत्तम.

पैशाचं काय करायचं याचं उत्तर मिळालेलं नाही. अपंग व्यक्तींच्या हक्कांबाबतच्या २००६च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारात, चौथ्या कलमात, व्यावसायिकांसोबत इतर कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणाचीही जबाबदारी सांगितली आहे. व्यवस्थापनाच्या अंदाजपत्रकात मात्र प्रशिक्षण म्हणजे बाहेरच्या कार्यशाळेची फी. केंद्राच्याच थेरपिस्टने वर्गात घालवलेल्या तासाला त्यात रकाना नाही. तसा रकाना आणि शिकवणाऱ्या मदतनिसांसाठी वेगळा भत्ता, असे दोन प्रस्ताव दिले आहेत. दुसऱ्या वर्गात सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलीच्या जेवणाच्या बसण्यावर काम सुरू करायचं आहे. तिथे ऑक्युपेशनल थेरपिस्ट शिकवतील. प्रस्ताव मंजूर होईपर्यंत त्यांनी आपल्या एका सत्राचा वेळ त्या वर्गाच्या जेवणाला जोडून घेतला आहे.